मागच्या पाट्यांचे बुश

जगातली प्रत्येक मोटार मागून ढिली झालेली असून ही गोष्ट फक्त आपल्यालाच कळली आहे, अशी माझ्या थोरल्या साडूंची ठाम समजूत होती. स्वतःकडे साधी सायकल नव्हती. पण कळंबोलीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकुनी करता करता ट्रकवाल्यांच्या संगतीने हे वेड लागलं. गाडीचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे अडकवतात तिथे रबराचे बुश असतात, ते झिजले की गाडी मागून हेलकावते आणि कटकट वाजते, हे त्यांनी नेरूळच्या आमच्या सोसायटीत बायकामुलांनाही पाठ करायला लावलं होतं. बिल्डिंगखाली कुणाचीही गाडी लागली की हे डिकी दाबून सोडायचे, कान लावायचे आणि बुश हलवून बघायला पहार घेऊन खाली शिरायचे. वजन हवं म्हणून आमच्या हिला मागच्या सीटवर बसून उड्या मारायला सांगायचे. एकदा मीच हौसेने बसलो, तर म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा काय उपयोग नाय. जरा जेवत चला." एकदा ते स्वतः तापाने फणफणले असताना डॉक्टर घरी आले, तर हे तोंडात थर्मामीटर आणि अंगावर गोधडी अशा थाटात खाली उतरले आणि डॉक्टरांनाच त्यांच्या गाडीखाली वाकायला लावलं. औषधाचं राहूनच गेलं.

एकुलती एक लेक शोभा. तिला बघायला आलेली दोन चांगली स्थळं त्यांनी गाडीखालूनच नाकारली. बुश बदलायचा कंटाळा करणारा माणूस पोरीला काय सांभाळणार, असं त्यांचं म्हणणं. तिसरा मुलगा एसटीने आला म्हणून लग्न जमलं.

पाठवणीच्या वेळी मात्र व्याह्यांनी फुलांनी मढवलेली गाडी आणली. ती साताऱ्याला जायची होती. शोभा आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि हे गायब. पाहतो तर गाडीखालून त्यांचे पाय दिसत होते. वाटेत घाट आहे, बुश बघितल्याशिवाय गाडी हलणार नाही, असा आतून निरोप आला. व्याही सारखे घड्याळ बघू लागले. शेवटी नव्या कपड्यांनिशी मीही आडवा झालो. पहार बाजूला पडली होती आणि ते नुसतेच वर बघत होते.

"काय, गेलेत का बुश?" मी विचारलं.

"नवे कोरे हायत हो."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून एखादी गाडी पास झाली होती, आणि त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. चला, पोर खोळंबली आहे, म्हणत मी त्यांचा हात धरला.

"येतो," ते म्हणाले. "उजव्या बाजूचे राह्यलेत, तेवढे बघू द्या."

ते उजव्याच बाजूला पडले होते. मी हात सोडला, बाहेर आलो आणि व्याह्यांना सांगितलं की अजून थोडा वेळ लागेल.