लंडनच्या मर्जीसाठी थांबलेला कायदा

माझं काम सांगितलं की आधी कुणाचा विश्वासच बसत नाही. मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावात, आमच्या घरातल्या सगळ्यात लहान खोलीत बसून, अटलांटिकमधल्या एका बेटाचे कायदे लिहिते. बेट अजून ब्रिटनच्या ताब्यात आहे. वस्ती आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या हाउसिंग सोसायटीएवढी. मासेमारीचे परवाने, कुत्र्यांचे पट्टे, बंदरातला कचरा, सगळं लिहून झालंय. लंडनच्या एजवेअर भागातल्या मैत्रिणी विचारतात, "अगं, तू तिथे गेलीयेस तरी का?" नाही गेले. नुसत्या बोटीलाच आठवडा लागतो.

तिथल्या कौन्सिलने विधेयक पास केलं म्हणून लगेच कायदा होत नाही. गव्हर्नरची सही लागते, राजाच्या नावाने. बहुतेक वेळा तो तिथल्या तिथे सही करून मोकळा होतो. पण काही विषय असे आहेत की त्याने सही न करता विधेयक लंडनला पाठवायचं आणि वरून मर्जी कळेपर्यंत थांबायचं. ही पद्धत साम्राज्याच्या काळातली. तेव्हा वसाहतींचे कायदे जहाजातून लंडनला जायचे, तिथला कारकून समासात शेरा मारायचा, साहेब सही करायचे, आणि उत्तर परत पोचेपर्यंत कित्येक महिने जायचे. आता ईमेल आहे, पण थांबणं तसंच आहे. कुठलं विधेयक लंडनला पाठवायचं ते गव्हर्नर ठरवतो माझ्या रिपोर्टवरून. प्रत्येक मसुद्यासोबत मला तो लिहून द्यावा लागतो.

कौन्सिलची क्लार्क म्हणजे माझी रोजची माणूस. पन्नाशीची, बोलघेवडी, एकटी. कामाचं बोलणं पाच मिनिटांत आटपायचं आणि मग अर्धा तास तिच्या मुलीचं. मुलगी पोटची नव्हती. तिची आई बेटावर स्वयंपाकाच्या कामाला आलेली परदेशी बाई, ती वारली; बाप बोटीवर निघून गेला तो गेलाच. तेव्हा पोर दोन वर्षांची होती. क्लार्कने तिला वाढवलं, पण दत्तक घेता आलं नाही, कारण बेटाच्या जुन्या कायद्यात बापाची सही लागायची. बाप सापडणार कुठून? आणि अठरा पूर्ण झाल्यावर बेटाबाहेरच्या माणसाला तिथे राहायला परमिट लागतं, ते वर्षभराचं, दिलं तर दिलं. दत्तक झाली असती तर ती बेटाचीच झाली असती. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिला अठरा वर्षं पूर्ण होणार होती.

म्हणून तो कायदा. बाप बरीच वर्षं बेपत्ता असेल तर कोर्टाने त्याच्या सहीशिवाय दत्तक मंजूर करावं, पण मूल अठराचं होण्याआधी. मी लिहिला, क्लार्कने टाइप केला, कौन्सिलने जूनमध्ये एकमताने पास केला. मग मी रिपोर्ट लिहायला बसले.

लंडनला पाठवायच्या विषयांच्या यादीत एक ओळ आहे: बेटाबाहेर राहणाऱ्या माणसांच्या हक्कांना धक्का लावणारी विधेयकं. माझ्या डोक्यात आलं, बेपत्ता बाप बेटाबाहेरच आहे की. त्याचा हक्क जातोय. ओढूनताणून होतं हे, मलाही कळत होतं. पण मी मूळची नागपूरची, आणि मंत्रालयात विधी विभागात सहा वर्षं काढलेली. तिथे फाईलवर आपलं मत लिहायचं नाही, 'आदेशार्थ सादर' लिहायचं आणि वर सरकवायची. त्यात माझं आडनाव ऐकून 'कोट्यातून आली' म्हणणारे टपून बसलेले. दुसऱ्याची चूक ती नजरचूक. माझी चूक म्हणजे आमच्या सगळ्यांची लायकी. बाबा रोज सांगायचे, आपल्याला चूक परवडत नाही. तर मी लिहिलं की हे विधेयक लंडनकडे पाठवणं उचित होईल. लिहिल्यावर बरं वाटलं.

जुलै गेला. लंडनहून हूं की चूं नाही. मी दर सोमवारी ईमेल करायचे आणि दर सोमवारी माझं डोकं फिरायचं. नवऱ्यासमोर तोंडाचा पट्टा सुटायचा. "यांचं साम्राज्य बुडालं, पण बसून राहायची सवय काही गेली नाही," मी म्हणायचे. "एका पोरीचं आयुष्य टेबलावर पडलंय आणि हे सुट्टीवर!"

"अगं, पण हे त्यांच्याकडे गेलंच कशाला?" त्याने एकदा सहज विचारलं.

"तुला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणाले आणि विषय संपवला.

क्लार्क मात्र एका शब्दाने कधी चिडली नाही. फक्त फोनवर पूर्वी मुलीबद्दल बोलायची, ती आता लंडनबद्दल विचारायला लागली.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, लंडनच्या ऑफिसमधून एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज अगदी मऊ. म्हणाला, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व, पण आम्हाला एक कळत नाही, हे विधेयक आमच्याकडे आलंच का? हा साधा कोर्टाच्या पद्धतीचा विषय आहे. गव्हर्नर जूनमध्येच सही करू शकला असता. इथून आता मंजुरी काढायची तर मंत्र्यांपर्यंत जावं लागेल, तीन आठवडे लागतील. त्यापेक्षा तुम्ही आधीचा रिपोर्ट चुकीचा होता अशी एक ओळ लिहून द्या, म्हणजे गव्हर्नर त्याच दिवशी सही करेल.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोन महिने मी ज्यांच्या नावाने खडे फोडत होते त्यांचा काही दोषच नव्हता.

एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. मला दोन दिवस लागले. बेटावरचं कोर्ट आठवड्यातून एकदाच भरतं. न्यायाधीश शुक्रवारी सकाळी शेजारच्या बेटावरून बोटीने येतात आणि दुपारच्या बोटीने परत जातात. हा येणारा शुक्रवार मुलीच्या वाढदिवसाआधीचा शेवटचा होता, आणि हे मला पाठ होतं. तरी मी मंगळवारी संध्याकाळी जुने रिपोर्ट काढून बसले. 'चुकीचा' हा शब्द न वापरता काय लिहिता येईल ते शोधत. 'अधिक विचारांती'. 'नव्याने समोर आलेल्या बाबी लक्षात घेता'. काय नव्याने समोर आलं होतं? काही नाही. माझं काँट्रॅक्ट डिसेंबरमध्ये रिन्यू व्हायचं होतं, आमचा व्हिसा त्याच्यावर. पण खरं सांगायचं तर व्हिसाचा विचार मी बुधवारी सकाळी केला, स्वतःला कारण द्यायला. मला फक्त ते लिहायचं नव्हतं.

बुधवारी दुपारी क्लार्कचा फोन आला. "लंडनहून काही?"

"अजून नाही," मी म्हणाले. "मी मागे लागलेय."

ती म्हणाली, तुम्ही किती करता आमच्यासाठी.

गुरुवारी संध्याकाळी मी अखेर सरळ लिहिलं: माझा आधीचा सल्ला चुकीचा होता. पाच शब्द. पाठवलं. गव्हर्नरचं ऑफिस तोवर बंद झालं होतं. शुक्रवारी सकाळी त्याने सही केली, क्लार्कने स्वतःच्या हाताने नोटीस कौन्सिलच्या दारावर लावली, कारण नोटीस लागल्याशिवाय कायदा लागू होत नाही. मग अर्ज घेऊन ती मुलीसोबत पळत कोर्टात गेली. हवा बिघडत होती म्हणून न्यायाधीश लवकरच्या बोटीने निघून गेले होते. बोट दिसत होती, म्हणाली. हात केला, पण कोण बघतं.

रविवारी मुलगी अठराची झाली.

सोमवारी क्लार्कचा फोन आला, माझे आभार मानायला. लंडनवाल्यांनी घात केला, तुम्ही तरी काय करणार, म्हणाली. परमिटचा अर्ज भरलाय, बघू. मी गप्प राहिले असते तर ते तिथेच मिटलं असतं. वेळ मारून नेणं मला चांगलं जमतं. पण त्या दिवशी जमेना. मी तिला सगळं सांगितलं: जूनचा रिपोर्ट, मंगळवारचा फोन, ती एक ओळ.

 

तिने विचारलं, "बुधवारी मी फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.

"मुलगी इथेच बसली होती," ती म्हणाली. "स्पीकरवर ऐकत होती."