हरणी आणि टेपचं शेपूट

आधीच सांगतो, या 'अमानवीय' धाग्यावरचे भुताखेतांचे किस्से मी वाचतो ते हसायला. पांढरी साडी, उलटे पाय, लिफ्ट मागणारी बाई... आणि गाडी नेमकी स्मशानापाशीच बंद पडते! ज्यांना गाडीचा प्लग साफ करता येत नाही त्यांनाच भुतं भेटतात, असं माझं मत होतं. अजूनही जवळपास तेच आहे. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय.

मी कोल्हापूरचा. बावड्याकडे आमचं घर, घराला लागून म्हशींचा गोठा. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. सध्या बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो — दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवरून सुसाट सुटतो आणि म्हैस त्याच्या हाकेवर मागून धावत येते. दोरी नाही, काठी नाही. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हरणी त्यात भाव खाऊन जायची. एका पाडव्याला माझा वर्गमित्र सचिन त्याचा नवा डिजिटल व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला आणि त्यानं ते सगळं टेपवर घेतलं.

पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

तेव्हापासून हरणी दूध चोरायला लागली. नुकतीच व्यायलेली, कास भरलेली, पण पान्हा सोडेना. रेडकाला लाथ, आईला लाथ. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की तेवढ्यापुरतं. माझ्या काकांनी — आम्ही त्यांना तात्या म्हणतो — आबांचीच मोटरसायकल सायलेन्सर काढून गोठ्याबाहेर लावली, रेस केली, आबांसारख्या हाका मारल्या. हरणीनं मानसुद्धा वळवली नाही.

"माजलीया," तात्या म्हणाले. "वैनी, सोमवारी व्यापारी येतोय, दिऊन टाकायची. दूध न देणारी म्हस आन कॉलेजात जाणारं पोरगं, दोन्ही एकदम पोसायला जमत न्हाय."

नंतर वैरण टाकताना आई मला म्हणाली, "ही बी गेली की त्यांचं काय ऱ्हातंय रं घरात?"

तेव्हा मला टेप आठवली. आबांचा आवाज त्या टेपशिवाय कुठंच नव्हता. तात्यांची हाक नकली होती, ही खरी असेल... निदान प्रयत्न करावा, एवढाच विचार. त्यात 'अमानवीय' काही नव्हतं.

सचिनचा फ्लॅट राजारामपुरीत. त्याच्या घरच्या कॉम्प्युटरला कॅमेऱ्याची वायर जोडायची सोय होती.

"भावा, लोक लग्नाच्या टेपा घेऊन येत्यात," तो म्हणाला. "तू म्हशीसाठी आलास? उद्या तिला ईमेल आयडी काढून दे."

या टेपचा एक त्रास असतो. डिजिटल असली तरी ती फाईलसारखी पटकन कॉपी होत नाही. कॅमेऱ्यात टेप वाजत राहते आणि जेवढा वेळ वाजेल तेवढा वेळ घेऊनच ती कॉम्प्युटरमध्ये उतरते. आम्ही बटण दाबलं आणि खाली चहाला गेलो. परत आलो तर डिस्क भरत आली होती. शर्यत कधीच संपली होती आणि स्क्रीनवर नुसती जमीन हलत होती — लोकांच्या चपला, शेण, एखादं शेपूट. त्या दिवशी सचिन कॅमेरा बंद करायला विसरला होता. कॅमेरा हातात लोंबकळत ठेवून तो भडंग खायला गेला होता. टेपचं ते लांबलेलं शेपूट मी कापणार होतो, पण त्याची आई जेवायची घाई करत होती. मग आवाज तेवढा वेगळा काढला आणि सगळ्याची सीडी केली.

खरं सांगायचं तर त्या सीडीत काहीच दम नव्हता. चित्रात आबा हरणीकडे वळून हाक मारताना दिसत होते, पण आवाजात फक्त मोटरसायकलची फडफड. हाक तिच्याखाली पार गाडली गेली होती. तरी घेऊन गेलो.

संध्याकाळी धारेच्या वेळी घरातल्या प्लेअरला लांब वायर जोडून स्पीकर गोठ्यात ठेवला. तात्यांनी शेजारच्यांना हाका मारल्या.

"या की पावणं! आमचा इंजिनेर म्हशीला शिणुमा दावतोय. तिकीट न्हाय!"

आई चरवी घेऊन हरणीपाशी बसली. मी सीडी लावली. फडफड सुरू झाली. हरणी निवांत रवंथ करत होती. तात्या भिंतीला टेकून हसत होते. "आवाज वाढव, तिला ऐकू कमी येतंय. न्हायतर तिचं बी कॉलेजात नाव घाल." लोक हसले. मला तिथून निघून जावंसं वाटलं. फडफड लांब गेली, थांबली. मग ते शेपूट सुरू झालं — नुसती गर्दीची गुणगुण. मी बंद करायला वळलो.

हरणीचं रवंथ थांबलं होतं. कान उभे. तिनं मान वर केली, दावं ताणलं आणि घशातून तो बारीक हुंकार दिला जो ती फक्त आबांना द्यायची. ती स्पीकरकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती. दारात कुणीही नव्हतं.

मग चरवीत धार वाजली.

तात्या भिंतीपासून सुटून पुढं आले. "मोटरसायकलचा आवाज वळखला तिनं."

"तात्या, मोटरसायकल कवाच संपलीया," मी म्हणालो.

"मग उशिरा आठवलं आसंल! म्हस हाय ती, तुझ्यागत कॉम्प्युटर न्हवं."

सोमवारी आईनं व्यापाऱ्याला दारातूनच परत लावून दिलं. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ती सीडी लागते. शर्यतीचा भाग वाजताना हरणी ढिम्म असते. शेपटात एक ठराविक जागा आहे, तिथं ती पान्हा सोडते. शेपूट वेगळं काढून लावलं तरी तिथंच.

ती जागा मी हेडफोन लावून इतक्या वेळा ऐकलीय की त्यातला प्रत्येक खोकला मला पाठ आहे. आवाज वाढवून पाहिला, हळू करून पाहिला. आबांची हाक नाही, हरणीचं नाव नाही. असणारच कसं? त्या वेळी आबा शर्यतीच्या दुसऱ्या टोकाला होते, हरणी त्यांच्याजवळ. सचिन म्हणतो, "जनावरांना आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं, विषय संपला." असेल. मलाही तेच पटवून घ्यायचं होतं.

पण एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही.

आबा असताना कास धुऊन तयार ठेवायचं काम आईचं आणि धार काढायची आबांनी. ते गोठ्यात आले की आई न बघताच जरा डावीकडं सरकायची आणि चरवी उजवीकडं, त्यांच्या बाजूला लोटायची. आता ती एकटीच धार काढते. परवा मी दारात उभा राहून बघत होतो. सीडी वाजत होती. ती जागा आली आणि आई डावीकडं सरकली. चरवी उजवीकडं लोटली. क्षणभर तशीच बसली, मग चरवी हळूच परत ओढून घेतली.

हरणीनं कान उभे केले ते त्याच्यानंतर.

काल पुन्हा बघितलं. तसंच झालं. आधी आई, मग हरणी.

आत्मा, पुनर्जन्म वगैरे सांगणाऱ्यांनी कृपा करून प्रतिसाद देऊ नयेत, मला ते ऐकायचं नाही. माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण आहे असंही नाही. आईला विचारलं तर कदाचित कळेल. अजून विचारलेलं नाही. ती बसलेली असते तेव्हा तिच्या उजवीकडच्या त्या रिकाम्या जागेतून मी जात नाही, एवढंच.