मामांनी न दिलेली खोली

"जनावर काय बाळगता?" खोली मागायला आलेल्या माणसाला मामा आधी हेच विचारायचे. नाव, गाव, जात, धंदा सगळं नंतर. विचारताना त्यांची नजर माणसावर नसायचीच. त्याच्या पाठीमागून काय येतंय ते बघायचे.

भाडेकरूला पारखून घेणारे घरमालक तुम्हीही पाहिले असतील. पण मामांची तऱ्हाच वेगळी. परभणीत कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागं त्यांच्या पत्र्याच्या आठ खोल्या होत्या. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत मी त्यातल्या एकीत राहायचो, जिनिंगमध्ये कारकुनी करायचो. मामांचे कायदे मला पाठ झाले होते. शेळी चालेल, पण दारात बांधायची. कोंबड्या दिवस मावळायच्या आत झाकायच्या. गाय असेल तर शेण मामांचं. कुत्रं मात्र न्हाई म्हणजे न्हाई.

एकदा एक आचारी पिंजऱ्यात पोपट घेऊन आला.

"शिव्या देतो का?" मामांनी विचारलं.

"तोबा तोबा, मालक! लय सालस हाय."

तेवढ्यात पोपटानं दख्खनी उर्दूत मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मामा शांतपणे म्हणाले, "पोपट खरा हाय, तुमी खोटं बोलायलात. त्याच्याकडं बघून खोली देतो."

कुत्र्याचं कारण त्यांनी एका दुपारी आपण होऊनच सांगितलं. एकुलती एक लेक, सात वर्षांची. घरचंच कुत्रं पिसाळलं आणि तिला चावलं, त्यातच ती गेली. "मीच आणलं हुतं झरीहून, धोतराच्या सोग्यात गुंडाळून," एवढं बोलून ते उठून गेले.

शेवटच्या पावसाळ्यात रझाकारांच्या भीतीनं खेडीच्या खेडी उठली. जिंतूरकडची एक बाई म्हाताऱ्या सासूला घेऊन आमच्या दारात आली. नवऱ्याला मारलेलं, घर जाळलेलं. मागं एक तांबडं कुत्रं लंगडत होतं.

"खोली हाय. कुत्रं न्हाई," मामा म्हणाले.

"बांधून ठिवते, मालक. गावातनं आमच्यामागं तेवढंच आलंय."

"कुत्रं सोडा, खोली घ्या."

सासू चिखलातच बसली होती. बाईनं तिला काखेत हात घालून उठवलं आणि दोघी निघून गेल्या. मी माझ्या दारात उभा होतो. खोली आपली नाही, आपण काय बोलणार, असं मनाला समजावत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सासू स्टेशनाजवळच्या झाडाखाली तापानं गेली. कळलं तसे मामा अनवाणी धावले, मीही मागोमाग. तिरडीला त्यांनी खांदा दिला. सगळं उरकल्यावर बाईला म्हणाले, "चला माय, घरी. कुत्र्यालाबी आणा."

"आता कुणासाठी?" बाई म्हणाली.

तिचा भाऊ मनमाडला होता. दुसऱ्या दिवशी ती गाडीनं निघाली. आम्ही दोघं स्टेशनात गेलो. कुत्र्याला डब्यात चढू देईनात. बाईनं इकडंतिकडं बघितलं आणि दोरी मामांच्या हातात दिली.

"सांभाळणं हुत नसंल तर सोडून द्या. पर मारू नका."

सबंध रस्ताभर हात लांब ताठ धरून मामांनी कुत्रं घरी आणलं. भाकरी ते काठीनं पुढं सरकवायचे. अंगावरून हात असा कधी फिरवला नाही. पण दोरी सोडली नाही. रोज स्वतःच बांधायचे, स्वतःच फिरवून आणायचे, घामाघूम व्हायचे.

बाईला नाकारलेली ती खोली त्यांनी नंतर कुणालाच दिली नाही. कुणी विचारलं तर "भरलीय" म्हणायचे आणि कुलूप ओढून बघायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, माणसं गावाकडं परतू लागली. जिंतूरच्या रस्त्याला जाणारी प्रत्येक बैलगाडी मामा थांबवायचे, आत वाकून बघायचे. बाई आली नाही. जिवंत होती का, तेही कळलं नाही.

त्याच हिवाळ्यात मामा गेले. कुत्रं मी माझ्या खोलीत आणलं. मग आम्ही भाडेकरूंनी मिळून ते कुलूप काढलं. आत जाळी-जळमटं असतील, असंच वाटलं होतं.

जमीन सारवलेली होती. चुलीशेजारी फोडलेली लाकडं रचलेली, कोपऱ्यात दळणासाठी नुकतंच टाकी ठोकून घेतलेलं जातं. आणि भिंतीशी वाकळा घडी घालून ठेवल्या होत्या. दोन.