घरची राखुंडी

मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. मालवणजवळच्या कट्टा गावातल्या आमच्या घरात पुस्तके तीन होती आणि पत्रके दोन पेट्या भरून. वडील चळवळीतले. दारूबंदी, संयुक्त महाराष्ट्र, गोवामुक्ती अशा सगळ्या हाका त्या पेट्यांत एकावर एक रचलेल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतेच अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ते नसेल तर छापखान्यातले खिळे संपले असतील असे मी धरून चालायचो.

बाविसाव्या वर्षी मी स्वतःचे पहिले पत्रक काढले. महाराष्ट्र झाला होता, गोवा व्हायचा होता, आणि मधल्या काळात मला शत्रू हवा होता. तो स्वयंपाकघरात सापडला. मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि बोटाने दातांना चोळत बसायचे. आमच्याकडच्या कितीतरी बायका दिवसातून चारचारदा हे करत आणि त्याला दात घासणे म्हणत.

आमच्या घरी ते आते करायची. आते म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून ती माहेरी आली, आणि माझी आई लवकर गेली म्हणून तिने मला वाढवले. चुलीवर तंबाखू भाजली की घरभर झोंबऱ्या धुराचा खाट उठायचा, वडील खोकत खोकत अंगणात जायचे आणि आते म्हणायची, "भायरच बरा आसा तुका."

पत्रकाची सुरुवात मला अजून पाठ आहे. 'बंधुभगिनींनो! शत्रू वेशीवर नाही! तो तुमच्या हिरडीत बसला आहे!' शेवट असा होता: 'मशेरी फेका! घरची तुसाची राखुंडी वापरा! विश्वास नसेल तर माझेच दात पाहा!'

भाताचे तूस जाळून केलेली ती राखुंडी मी लहानपणापासून वापरत होतो. ती आतेच करून द्यायची. बाजारात मिळणाऱ्या परदेशी ट्यूबांविरुद्ध बोलताना मी ती राखुंडी सभेत डबीसकट दाखवत असे.

पत्रके मी कट्ट्याच्या बाजारात वाटली. उरली ती घरी आणली. आठवड्याने पाहतो तर आते त्यांत मशेरीच्या पुड्या बांधत होती.

"आते, ह्या काय?"

"कागद बरो आसा रे तुजो," ती म्हणाली. "वलो जायना."

त्या वर्षी पावसाळ्यानंतर आतेने मिरची सोडली. आमच्याकडे तिखट न खाणारा माणूस एक तर आजारी असतो नाही तर पाहुणा. आते बांगड्याची तुकडी पाण्याने धुऊन खाऊ लागली. विचारले तर म्हणायची, "पित्त झाला." एके दुपारी ती तांदूळ निवडता निवडता जांभई देऊ लागली. दोन्ही हात सुपात होते, म्हणून तोंडावर पदर घेता आला नाही. तिच्या डाव्या गालाच्या आत मला पांढरा चट्टा दिसला, साधारण चिंचोक्याएवढा. मशेरी ती त्याच गालात धरून बसायची.

वडिलांचे एक चुलते तोंडातल्या गाठीने गेले होते. त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. त्यांचा वेगळा केलेला तांब्या मात्र माळ्यावर अजून होता. आतेलाही तेच झाले असेल का, एवढा एकच प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात राहिला. पत्रकात मी ज्या भीतीला मोठा टाइप दिला होता, ती घरात आल्यावर मला तिच्याबद्दल एक वाक्यही बोलता येईना.

मालवणच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर दातांचे डॉक्टर बसत. घाटावरून आलेले, शांत, हळू बोलणारे. मी आतेला म्हटले, जाऊन दाखवू या.

"माका कायएक जावक नाय."

"मगे दाखवूक काय हरकत?"

तिने थोडा विचार केला. "माजा तोंड बगूचा तर पयला तुजा. तू बसलंस तर मी बसतंय."

मी लगेच कबूल झालो. माझ्या तोंडाविषयी मला शंका नव्हती.

आम्ही एस.टी.साठी उभे होतो तेव्हा शेजारच्या दुकानदाराने विचारले, "खंय गो, सकाळीच?"

"मालवणाक. दातांच्या डागतराकडे."

"दात काढूक इतक्या लांब? तुजो भाचो सभेत उभो रवलो की आमी हयच काढतो ना!"

मालवणला जाईपर्यंत मी त्याला द्यायचे उत्तर तयार करत होतो.

दातांचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा, एवढेच आम्हाला ठाऊक. त्यामुळे मी खुर्चीत बसलो तो कोणता दात द्यायचा ते मनाशी ठरवूनच. खुर्ची न्हाव्याच्या खुर्चीसारखी, पण डोके मागे अडकवायला दोन गाद्या. पलीकडे शिवणयंत्रासारखे पायाने चालवायचे कोरायचे यंत्र कापडाखाली झाकलेले. डॉक्टरांनी त्याला हात लावला नाही. आधी नुसते प्रश्न विचारले. कोणत्या बाजूने चावता, झोपेत दात खाता का, हिरडीतून रक्त येते का, घरात कोणाला तोंडाचे काही झाले होते का. शेवटच्या प्रश्नाला मी आतेकडे पाहिले. ती खिडकीतून बाहेर पाहत होती.

मग त्यांनी माझा गळा आणि जबड्याखालची जागा बोटांनी चाचपली. ओठ उलटे करून पाहिले. गाल आतून ताणून पाहिले. जीभ फडक्यात धरून पुढे ओढली आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून कडा पाहिल्या. जिभेखाली पाहिले, टाळू पाहिली. एवढे होईपर्यंत दातांचा विषयच निघाला नव्हता. मी पत्रकात तोंडावर चार पाने लिहिली होती, पण माझ्या तोंडात इतक्या जागा आहेत हे मला माहीत नव्हते. नंतर त्यांनी छोट्या आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकला, टोकदार आकडीने फटी तपासल्या आणि मोजत मोजत कागदावर खुणा केल्या.

आरसा खालच्या दातांच्या आतल्या बाजूला थांबला.

"मशेरी कधीपासून लावता?"

तोंडात त्यांची दोन बोटे होती. मी जे बोललो ते कोणत्याच भाषेत नव्हते. बोटे निघाल्यावर मी खिशातून पत्रक काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उभ्याने सगळे वाचले.

"शेवटची ओळ चांगली आहे," ते म्हणाले. "माझेच दात पाहा. पाहिले."

मी खुर्चीतून उठू लागलो. तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"डागतरानू, तेका म्हायत नाय. मीच घालतंय. चिमटभर."

"कशात?"

"राखुंडीत. धाकटो हुतो तेवा दाढ दुखान रडायचो. चिमटभर घातलंय, गप रवलो. मगे सवय झाली."

"याला?"

"माका. घालूची."

मला दोन गोष्टी एकदम समजल्या. सभेत मी डबी उघडून दाखवायचो तेव्हा पुढे बसलेल्या बायका वास घेऊन एकमेकींकडे का पाहायच्या, ही एक. आणि दुसरी, रत्नागिरीच्या शिबिरात राखुंडी न्यायला विसरलो होतो तेव्हा तीन दिवस डोके का ठणकत होते. ते भाषणांमुळे असेल असे मी तेव्हा मानले होते आणि तसे वहीत लिहूनही ठेवले होते.

"आते, माका सांगलंस कित्याक नाय?"

"तू इचारलंस खंय?" ती म्हणाली. "तू लिवलंस."

मग ती उठली आणि ठरल्याप्रमाणे खुर्चीत बसली.

डॉक्टर म्हणाले, "बाई, आ करा."

"केलंय."

"अजून थोडा."

"ह्येच्यापेक्षा मोठो आ मी घोवासमोर पण करूक नाय."

डॉक्टर थांबून राहिले. तोंडावरचा पदर हळूहळू खाली आला. त्यांनी तिचेही सगळे तसेच क्रमाने तपासले. गळा, ओठ, गाल, जीभ. डाव्या गालाशी आल्यावर त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बोटाने चट्टा आतून-बाहेरून दाबून पाहिला. त्या वेळात खालच्या रस्त्यावरून एक बैलगाडी पूर्ण गेली. तिच्या चाकांचा आवाज मी ऐकत राहिलो, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची माझी तयारी नव्हती.

"चूळ भरा आणि यात टाका," त्यांनी औषधाच्या पाण्याचा पेला पुढे केला. शेजारी एनॅमलचे पांढरेशुभ्र भांडे होते. आतेने चूळ भरली, भांड्याकडे पाहिले आणि गिळून टाकली.

"गिळलंत?"

"दुसऱ्याच्या घरात, इतक्या बऱ्या भांड्यात, थुकतत काय कोण?"

पुन्हा भरायला सांगितली. तीही तिने गिळली. तिसरी त्यांनी सांगितली नाही.

ते माझ्याशी नाही, तिच्याशी बोलले. हे मला फार आवडले. गालाला घासणारा एक मोडका दात होता, त्याची धार ते आजच गुळगुळीत करणार होते. चट्टा मशेरीचा होता. तीन आठवडे मशेरी पूर्ण बंद. कमी झाला तर बरे. नाही झाला तर मुंबईला जाऊन तिथला तुकडा काढून तपासायचा.

"माज्या काकाक झालेला, तसला?" आतेने विचारले. त्या चुलत्यांविषयी मी तिच्या तोंडून ऐकलेले हे पहिले वाक्य.

"आज सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "खोटे सांगणार नाही."

परतीच्या गाडीत कंडक्टरने विचारले, "किती काढले?"

"एकव नाय," आते म्हणाली.

"मगे गेल्लात कित्याक?"

तो प्रश्न मला तेव्हा झोंबला, आजही झोंबतो. दुखेपर्यंत तोंड उघडायचे नाही आणि उघडले की उपटायचे, एवढीच आमची रीत. सभांत आम्ही लोकांना तोंड उघडा, तोंड उघडा म्हणून सांगत फिरत होतो. माझ्या घरातली बाई उघड्या तोंडाची लाज वाटते म्हणून गालातला चट्टा महिनोन्महिने लपवून जेवत होती, आणि तिच्या पानासमोर बसून मी घोषणा जुळवत होतो. आतेला न झोंबणारे एक वाक्य त्या गाडीत मला सुचले असते तर मी ते पत्रकात छापले असते. सुचले नाही.

घरी येताच आतेने मशेरीची डबी पेटत्या चुलीत उपडी केली. घर धुराने भरले. आम्ही दोघेही त्या धुरात जरुरीपेक्षा जास्त वेळ उभे राहिलो.

तीन आठवड्यांत आते तक्रारीचा एक शब्द बोलली नाही. दिवसातून सहा वेळा अंगण झाडायची. राखुंडी सोडलेला मी मात्र वडिलांशी भांडलो, पोस्टमनशी भांडलो, संपादकांना चार पत्रे पाठवली. नवव्या दिवशी मशेरीच्या रिकाम्या डबीच्या तळाशी काळे काहीतरी चिकटलेले दिसले. मी बोट फिरवले आणि दातांना लावले.

"हयसर ये," मागून आवाज आला. "बोट दाखव."

तिने बोट हुंगले. "ता पत्रक कोणी लिवलेला? मी?"

डबी तिने विहिरीमागे पुरली.

पुढच्या खेपेला ती मालवणला निघाली तेव्हा तिच्या पिशवीत काहीतरी वाजत होते. खुर्चीत बसल्यावर तिने ते काढले. घरचे, पोचे पडलेले एक जुने भांडे होते. "ह्या माजा," तिने डॉक्टरांना सांगितले आणि मांडीवर ठेवले. मग न सांगता मोठा आ केला.

डॉक्टरांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. या वेळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो.

"जातोय," ते म्हणाले. "गेलेला नाही, पण जातोय. निम्म्याहून कमी आहे, आणि बोटाला मऊ लागतो. महिन्याने परत या, आणि नंतरही येत राहा."

"मुंबैक?"

"आत्ता नको."

आतेने चूळ भरली आणि आपल्या भांड्यात टाकली. मोठा आवाज झाला. तिने सावकाश पदराने तोंड पुसले.

माझे दात पाहून डॉक्टरांनी विचारले, "तुम्ही?"

"नवव्या दिवशी एकदा," मी म्हणालो. आते छताकडे पाहत होती. त्यांनी कागदावर तसे लिहिले. मीही नंतर दुसऱ्या पत्रकात तसेच लिहिले: 'पहिल्या पत्रकातील शेवटच्या दोन ओळी चुकीच्या होत्या. राखुंडी वापरण्यापूर्वी ती कोणी केली व तिच्यात काय घातले, हे विचारावे.' त्यात उद्गारचिन्ह एकही नव्हते. छापणाऱ्याने दोनदा विचारले, खिळे आहेत, घालू का.

त्या दिवशी गाडीला वेळ होता. स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही भजी मागवली. बशीत तळलेली एक हिरवी मिरची होती. आतेने ती उचलली, देठ काढला आणि डाव्या गालात घेऊन चावली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी अर्धा उठलो.

"झोंबता काय गो?"

"मिरची ती," आते म्हणाली. "झोंबतलीच." आणि हॉटेलवाल्याला हाक मारून तिने दुसरी मागितली.