मागांच्या वरचा सूर

फिटरने आपल्या बायकोचं गाणं ऐकलं ते फक्त गिरणीत. मागांच्या खडखडाटात शेजारणीची हाकसुद्धा ऐकू यायची नाही, तिथे हिचा आवाज थेट छपराला जाऊन भिडायचा. शब्द कुणाच्या बापाला कळायचे नाहीत, सूर तेवढा पोचायचा. फिटर मागाखाली उताणा पडून, पाना हातात तसाच धरून, ऐकत राहायचा. मुकादमाच्या शिव्या त्याने खाल्ल्या त्या त्यापायीच.

गिरणी बंद पडली आणि बाईचं गाणंही थांबलं. फिटरने घरी किती मिनतवाऱ्या केल्या! "एवढ्या शांततेत कोण गातं?" म्हणून ती कामाला लागायची. डोळे मिटण्याआधी तो सूर एकदा कानावर पडावा, एवढीच त्याची हाव उरली होती.

लेक लहानपणी घरातले डबे बडवायची, म्हणून तिचं नाव पडलं धडधड. आता ती हेवी मेटलच्या बँडमध्ये ड्रम बडवत होती. फिटरच्या मते तो फळीवरून भांडी पडण्याचा कार्यक्रम होता. बँडच्या पहिल्या अल्बममध्ये गिटारींच्या गदारोळात मागवाल्या बायकांची गाणी मिसळायची, असं तिने मनावर घेतलं आणि आईबापांना स्टुडिओत नेलं.

भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. वाद्यं आधीच वाजवून रेकॉर्ड केलेली, बाईने कानाला हेडफोन लावून त्यावर गायचं. तिने तोंड उघडलं तर नुसती घरघर. दुसऱ्यांदाही तेच.

"गेला माझा आवाज. चला घरी," म्हणून तिने पिशवी उचलली.

लेक ड्रमवर जाऊन बसली आणि तिने ठेका धरला: खटाक-खट, खटाक-खट. फिटरच्या डोळ्यांपुढे मागातला धोटा इकडून तिकडे पळू लागला. मग बँडची पोरंही गिटारी घेऊन तुटून पडली, फिटरची खुर्ची हादरली. बाईने पिशवी खाली ठेवली, हेडफोन काढला, हात कमरेवर घेतला, आणि त्या सगळ्या कल्लोळाच्या वर तो सूर चढला.

फिटरच्या अंगावर सरसरून काटा आला. बंद गिरणी अख्खी उभी राहून गात होती. असलं काही आपल्या लेकीच्या हातून घडेल, हे त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

लेकीने खूण केली. वाद्यं एकदम थांबली. बाईला मात्र थांबता आलं नाही, त्या शांततेत ती एकटीच गाऊन गेली: "तेलकट हातांच्या माणसा, बाहेर ये, एकदा माझ्याकडे बघ."

फिटर उठून उभा राहिला. "तेव्हाही हेच गायचीस?"

"रोज," बाई म्हणाली. "तुम्ही कुठले येताय! शेवटी लग्न जुळवायला मुकादमाला मध्ये घालावं लागलं."

अल्बममध्ये ती ओळ तशीच ठेवली आहे. तिच्यामागून एका म्हाताऱ्याचं नाक ओढणं ऐकू येतं. ते लेकीने काढू दिलं नाही.