स्पेनच्या गादीचे खोबरमधले कारभारी

तेलाच्या पैशाने अल-खोबरमध्ये रोज नवी इमारत उभी राहत होती, त्या काळात साऱ्या आखातात स्पेनच्या राजघराण्याची काळजी वाहणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. मूळचे गुहागरचे, पाइपलाइनच्या कामावर फोरमन. त्यांचा एक स्पॅनिश इंजिनिअर नोकरी खलास करून मायदेशी परतताना राजघराण्याच्या इतिहासाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांना देऊन गेला, आणि तेव्हापासून दीडशे वर्षांपूर्वीचा एक राजा सासऱ्यासारखा त्यांच्या घरी मुक्कामाला आला. राजाबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "नालायक माणूस. दिलेला शब्द कधी पाळला नाही," सुरमई साफ करता करता ते सांगत. पण तीन बायका गेल्यावर चौथीपासून त्याला दोन मुलीच झाल्या, याचं त्यांना फार अप्रूप, कारण त्यांनाही दोन मुलीच होत्या. इकाम्याच्या, म्हणजे तिथं राहण्याच्या परवान्याच्या, रांगेत एका केरळी माणसाला त्यांनी राणीच्या माहेरची सगळी हकिगत हिंदीतून ऐकवली. नंबर लागताच तो सुटल्यासारखा पळाला, तेव्हा हे हळहळले, "बिचाऱ्याला अर्धंच कळलं." एकदा माझ्या बायकोने त्यांच्या धाकटीला आत्याचं नाव विचारलं, तर पोरीने राजाच्या बहिणीचं सांगितलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तिची काय चूक? त्या आत्या रोज जेवायला असतात."

मग गुहागरहून त्यांच्या भावाची कॅसेट आली. तेव्हा माणसं पत्राऐवजी कॅसेटवर बोलून ती येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवत. आम्ही चहाला बसलो असतानाच त्यांनी ती लावली. "दादा, तुला मुलगा नाही. मुली उद्या परक्या घरी जाणार. तू बांधलेलं घर माझ्या मुलाच्या नावावर कर."

त्यांनी टेपरेकॉर्डर बंद केला. मग म्हणाले, "राजानं कायदा बदलून गादी मुलीला दिली. ती गादीवर बसली तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. राजाचा भाऊ मानेना. वर्षानुवर्षं लढाया झाल्या, माणसं मेली."

"मग तुम्ही काय करणार?"

"मीही मुलींनाच देणार. पण त्यानं भावाला देशाबाहेर काढलं. मी नाही काढणार."

लगेच त्यांनी त्याच कॅसेटवर उत्तर भरलं. "घर मुलींचं. तू मात्र जन्मभर तिथंच राहायचं, देवाची पूजाही तूच करायची. रागावलास तर राग. पण घर सोडू नकोस." भावाने घर सोडलं नाही, पण त्यानंतर त्याची एकही कॅसेट आली नाही. पुढे हे कायमचे गावी परतले.

पुष्कळ वर्षांनी मी गुहागरला गेलो, तेव्हा ते हयात नव्हते. थोरली लेक घर सांभाळत होती. ओटीवर तिचे काका बसले होते. मी खोबरचा शेजारी म्हटल्यावर त्यांनी सरकून जागा करून दिली.

"दादा परत आला तरी मी बोलत नव्हतो," ते म्हणाले. "तो रोज सकाळी चहा घेऊन माझ्या शेजारी बसायचा. मासळी, पाऊस, गुडघेदुखी, काय वाटेल ते बोलायचा. मी तोंड फिरवून चहा प्यायचो. अशी वर्षं गेली. मग तो आजारी पडला."

"शेवटी बोललात?"

"बोललो. साखर कमी पडलीय म्हटलं, एवढंच. तर तो रडायलाच लागला हो."

आतून पुतणीने चहा आणला. काकांनी कप हातात घेतला आणि तिला म्हणाले, "बस गं जरा इथं."