दही-साखर खाल्लेल्या माशा

तुळजाराम मास्तर तंजावरच्या एका शाळेत प्राणिशास्त्र शिकवायचे. १९५८ साली त्यांची नोकरी कायम व्हायची की नाही, ते इन्स्पेक्टरांसमोरच्या एका पाठावर ठरायचं होतं. आणि या गृहस्थांनी पाठ निवडला तो माशीच्या तोंडाचा! आता बघा, माशीच्या सोंडेच्या टोकाला बारीक बारीक केस असतात. एकाच केसात चव ओळखणाऱ्या नसा आणि बुडाशी स्पर्श ओळखणारी नस. भुकेल्या माशीच्या केसाला पाक लागला, की दुमडलेली सोंड टुण्णकन बाहेर! म्हणून मास्तरांनी आदल्या दिवसापासून माशा घरी जाळीच्या डब्यात नुसत्या पाण्यावर ठेवल्या.

इन्स्पेक्टर कुंभकोणमच्या बसनं आले, मागच्या बाकावर बसले. मास्तरांनी एक माशी मेणानं काडीला चिकटवली आणि कुंचल्यानं सोंडेला पातळ पाक लावला. सोंड हलेना. दुसरी घेतली. तीही ढिम्म.

"मेली की काय, सार?" 'सर'ला तिकडच्या वळणानं 'सार' करत इन्स्पेक्टर म्हणाले. पोरं फिदीफिदी हसली.

मास्तरांनी कोरड्या कुंचल्यानं तेच केस वाकवले. माशीनं पाय झाडले. "स्पर्श कळतोय की हिला! मग गोडाला काय झालं?" त्यांनी भिंग लावलं. पोट मृदंगासारखं टम्म! डब्याच्या जाळीवर पांढरा डाग. वास घेतला, तर दही.

मास्तरांच्या पत्नी चंद्रमतीबाई! मोठ्या कामाला निघालेल्याच्या हातावर दही-साखर दिल्याशिवाय त्या कुणाला उंबरा ओलांडू देत नसत. सकाळी नवऱ्याला दिली, आणि परीक्षेला निघालेल्या माशांनाही!

मास्तरांनी घाम पुसला. "सार, माझ्या बायकोनं यांना जेवू घातलंय."

इन्स्पेक्टर मिशीत हसले. "म्हणजे पाठ संपला?"

"संपतो कसा? पोरांनो, लग्नाच्या पंगतीत पोट भरल्यावर भात नको होतो. पण जिलेबी आली की?"

"जागा होते, सार!" अख्खा वर्ग ओरडला.

"हिचंही तसंच." मास्तरांनी पाकात साखर वाढवली. काही नाही. आणखी वाढवली. नाही. तिसऱ्यांदा पाक मधासारखा घट्ट झाला, कुंचला टेकला, आणि सोंड सुर्रकन बाहेर!

इन्स्पेक्टर बाक सोडून धावलेच. "द्या तो कुंचला इकडे!" घंटा झाली तरी परत देईनात. शेवटी हेडमास्तरच शेरा मागायला वर्गात आले.

"यांना कायम करा," माशीवरची नजर न काढता इन्स्पेक्टर म्हणाले, "आणि थोडी साखर पाठवा."